पेटीवरचा हात

१

नको तो आवाज कानावर आला की माझ्या नातीच्या कपाळावर आठी पडते. एकच, उभी, दोन भुवयांच्या मधोमध. पाळण्यात होती तेव्हासुद्धा वाटी पडली की आधी ती आठी पडायची आणि मग भोकाड. तिला वाढवलं मीच. तिची आई, म्हणजे माझी लेक, दुसरा संसार मांडून लांब निघून गेली आणि ही माझ्या पदरात राहिली. कागदावर नाव मोठं झोकदार आहे तिचं. मी ठकूच म्हणते.

तर ठकूला घरबसल्या काम मिळालं. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतल्या बैठकांचं रेकॉर्डिंग यायचं, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि बोलणं जसंच्या तसं टाइप करायचं. बैठका कसल्या, सगळी मंडळी तोंडात गोळी धरून बोलल्यासारखी बोलायची, त्यात कुणी खुर्ची सरकवणार, कुणी खोकणार. ठकूच्या वरच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, आधी बघू, चुका कमी निघाल्या तर कायम करू. कायम झाली तर आम्ही दोघी या दोन खोल्यांत राहणार. नाही झाली तर मी थोरल्याकडे आणि ती कुठल्यातरी वसतिगृहात. थोरला माझा मुलगा वाईट नाही हो. पण त्याच्या घरी माझी खाट दारामागे पडते. दार उघडलं की मी कुणाला दिसतच नाही. हे मलाही माहीत होतं आणि ठकूलाही. बोलून दाखवत नव्हतो, एवढंच.

२

हेडफोन सगळ्यात स्वस्तातले होते आणि स्वस्ताई त्यांच्या तोंडातून बोलायची. "आजी, यातून माणसांपेक्षा बाकीचंच जास्त ऐकू येतं," ठकू म्हणायची. मला काही तो आवाज ऐकू यायचा नाही. मी तिचं कपाळ बघायची.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बोळकंडीएवढं दुकान, भिंतीवर पोटं फाडलेले रेडिओ टांगलेले, आणि मधोमध हा बसलेला, डोळ्याला भिंग लावून.

"काय होतंय?"

"आवाज येतात," मी म्हटलं.

"हेडफोन आहेत आजी. आवाज येणारच की."

"नको ते येतात."

तो हसला. त्यानं ठकूला तीन-चार प्रश्न विचारले आणि आवाजांची फोड करून दाखवली. मान हलवली की येते ती खसखस, ती वायर कपड्याला घासते म्हणून. तिला चिमट्यानं खांद्याशी अडकवायचं. मधेच येते ती चरचर, ती खोबणीत धूळ बसली म्हणून. त्यानं पिन पुसली, आत फुंकर घातली, चार वेळा फिरवली, चरचर गेली. बोलण्याच्या खाली सारखी घरघर येते ती मात्र त्याला तिथं सापडेना, कारण दुकानात ती यायचीच नाही.

"घरी जाऊन एकेक वस्तू काढत जा," तो म्हणाला. "आधी चार्जर काढा, मग पंखा, मग फ्रिज. घाई करायची नाही. जे काढल्यावर आवाज थांबतो, खोट त्यात. बाकी सगळं निर्दोष. आमच्या धंद्यात एवढंच शास्त्र आहे."

मला ते पटलं. घरातली कटकटसुद्धा अशीच शोधतात.

३

दुसरी अडचण अशी की बोलणं फार हळू यायचं. त्यावर त्यानं एक लोखंडी पेटी दिली. ॲम्प्लिफायर. वीटभर लांबीची, काळी, पुढं एक गोल खुंटी. खुंटी फिरवली की बारीकसं बोलणं दणदणीत होतं.

"पण जोडा जरा विजोड आहे," तो म्हणाला. "हेडफोन हलका, पेटी दांडगी. हा इतका हळवा की पेटीनं नुसता श्वास घेतला तरी त्याला ऐकू जाणार."

"आमचाही जोडा असाच होता," मी म्हटलं. "ते घोरायचे आणि मला ऐकू यायचं."

"मग काय केलंत?"

"काही नाही. ते गेले. आता शांत आहे, आणि झोप येत नाही."

पेटी घरी आणली. बोलणं स्वच्छ आलं, पण खालचा आवाजही मोठा झाला. ठकू त्याला 'घूं' म्हणायची. आम्ही चार्जर काढला, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. घूं. पेटी तिच्या आतल्या बॅटरीवर चालायची, म्हणून घराचा मुख्य खटकाच पाडला. तरी घूं. मग मी पेटी सरकवायला हात लावला आणि ठकू ओरडली, "थांब! तसाच ठेव!"

हात ठेवला की घूं बंद. काढला की सुरू.

दुरुस्तीवाला घरी येऊन बघून गेला. म्हणाला, भिंतीतल्या तारा जुन्या, घराला अर्थिंग नाही. पेटीला जमीन सापडत नाही म्हणून ती कण्हते. माणसाचा हात लागला की तिला जमीन सापडते. त्यानं पेटीपासून नळापर्यंत तार ओढली, तर नळ प्लास्टिकचे. खिडकीच्या गजाला बांधली, तर घूं दुप्पट. घरमालक म्हणाला, भिंती फोडायचं नाव काढू नका. आणि ठकूनं स्वतःचा हात ठेवला तर उलट वाढायचं. तसेही तिचे दोन्ही हात टायपिंगच्या कळांवर, एक पाय खालच्या पट्टीवर, बोलणं थांबवायला आणि सोडायला. हात दुसऱ्याचाच लागायचा.

घरात दुसरं कोण होतं?

४

अशी या वयात मला नोकरी लागली. हात ठेवायची.

ठकूचं टेबल भिंतीला लागून. पडद्यावर उजेड पडतो म्हणून खिडकी झाकलेली. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिच्या डाव्या अंगाला, जरा मागं, उंच पाठीच्या खुर्चीत मी. उशी पाठीला, डावा हात मांडीवर, उजवा पेटीवर. तिला माझा फक्त हात दिसत असेल, तोही डोळ्याच्या कोपऱ्यातून. सकाळी चूल आटोपली की जे बसायचं ते दिवेलागणीपर्यंत.

लोकांना वाटेल, बसून काय दमायचं? अहो, दळण दळून, पाणी भरून दमलेली बाई मी. ते दमणं बरं. हाडं दुखतात आणि मग झोप येते. नुसता हात ठेवून दमणं वेगळं. खांद्यात आधी मुंग्या येतात, मग खांदा येतच नाही. संध्याकाळी उचललेला हात माझा वाटायचा नाही, कुणीतरी सांभाळायला दिलेला वाटायचा.

मधे मधे ठकू हेडफोन गळ्यात उतरवायची आणि मान न वळवता म्हणायची, "सांग काहीतरी." मी गोष्ट सांगायची. जन्मभर तेवढंच एक केलं मी, शाळेत न जाता. ती हसायची, पुन्हा हेडफोन चढवायची.

एकदा म्हणाली, "आजी, तुझी बांगडी वाजते. पेटीला लागली की कानात टिक होतं."

माझी एकच बांगडी, पातळ. मनगट वाळलंय, हात उचलला की ती कोपरापर्यंत घसरते. मी ती काढली आणि स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली.

"आता?"

"आता मस्त. तुझ्यासारखा हात नाही बघ कुणाचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

५

एका दुपारी दूध उतू जाईल म्हणून मी उठले. "आले गं," म्हटलं, ती ऐकण्यात होती. दूध उतरवलं. स्टुलावर जरा टेकले आणि डोळा लागला.

जाग आली ती दचकून. मेलं, पोरगी घूं ऐकत बसली असेल. पण आतून कळा पडायचा आवाज येत होता, एकसारखा, खोळंबा नाही. मी दाराशी गेले. आमच्या मधल्या दाराला पडदा आहे. पडद्याआड हात घालणार, एवढ्यात ठकूचं बोलणं ऐकू आलं, हेडफोन लावलेलं माणूस बोलतं तसं जरा मोठ्यानं:

"आजी, हात जरा मागं घे ना. वायर दबतेय."

आणि लगेच, "हां. बास."

मी पडदा सारला. दोन पावलं पुढं जाऊन पाहिलं, खुर्ची रिकामी. ठकू टाइप करत होती, कपाळ सपाट. मी गुपचूप जाऊन बसले, हात पेटीवर ठेवला. उशी गरम होती. माझीच ऊब असणार, दुसरं काय. पण मला उठून किती वेळ झाला होता ते मला आठवेना, आणि पेटी मात्र गार होती. इतकी गार की हात नळाखाली धरल्यासारखा वाटला.

"मघाशी कोणाशी बोललीस?" संध्याकाळी मी विचारलं.

"तुझ्याशी."

"मी दुधाजवळ होते."

"झोपेत असशील," ती म्हणाली आणि माझे खांदे चेपायला लागली. "दमतेस गं तू फार. हे एकदा कायम होऊ दे."

६

मी काही भित्री बाई नाही. मी हिशेब मांडला. वायर दबत होती ती आपली आपण सुटली असेल. पोरगी दिवसभर नको त्या माणसांची बडबड ऐकते, तिला काय ऐकू आलं आणि काय ती बोलली याचा तिला तरी पत्ता कुठला? घूं थांबलं असेल, कारण शेजाऱ्यानं काही बंद केलं असेल. दुरुस्तीवाला म्हणालाच होता, भिंतीपलीकडची वीजही कण्हते.

म्हणून मी मुद्दाम उठायला लागले. कधी पाणी, कधी कपडे. ठकूची तक्रार यायची नाही, म्हणजे घूं नाही. मनात म्हटलं, चला, पेटी सुधारली. खांदाही सुखावला. ठकूचं काम तर असं पळू लागलं की मॅडमचा शाबासकीचा फोन आला.

मग एकदा डाळ निवडत बसले होते. आत ठकूच्या कळा वाजत होत्या. आणि त्यांच्या मधे, बारीक,

टिक.

मी हात थांबवला. बऱ्याच वेळानं पुन्हा, टिक. लोखंडाला बांगडी लागावी तशी.

मी खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं. कट्ट्यावर धूळ होती आणि धुळीत एक स्वच्छ गोल होता. बांगडी नव्हती.

सांगावं का ठकूला? काय सांगावं? ती त्या खोलीत पुन्हा बसली नसती. काम गेलं असतं, खोल्या गेल्या असत्या, आणि मी थोरल्याच्या दारामागे. मी डाळ पुन्हा पहिल्यापासून निवडली. मग ठरवलं. खुर्ची सोडायचीच नाही. आपली जागा आपण सोडली तर कुणीही बसणार.

७

दुसऱ्या दिवशी मी हलले नाही. पाण्याचा तांब्याही जवळ घेऊन बसले. हात पेटीवर, पक्का.

ठकूनं हेडफोन लावले. आठी पडली.

"आजी, हात ठेव ना."

"ठेवलाय."

तिनं वळून पाहिलं. हात होता. तिनं खुंटी फिरवली, पिन काढून घातली. आठी गेली नाही. मी दुसरा हात ठेवला, मग दोन्ही. "येतोय अजून," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, तेच वाईट. "काल किती शांत होतं. काल तू ती म्हातारीची गोष्ट सांगितलीस तेव्हा तर एकदम शांत."

"कुठली गोष्ट?"

"ती वाट चुकलेली. पण आजी, तू शेवट का बदललास? पोचते ना ती घरी? काल म्हणालीस, पोचते, पण दार कुणी उघडत नाही. मला नाही आवडला."

काल मी गोष्ट सांगितली नव्हती. काल मी डाळ निवडत होते.

मी चप्पल घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. "भाऊ, माझा हात चालत नाही."

"असं कसं होईल?" त्यानं मीटर काढलं, काट्याचं. दोन सुया होत्या त्याला. त्या त्यानं माझ्या बोटांना धरायला दिल्या. काटा जागचा हलला नाही. त्यानं सुया स्वतःच्या बोटात धरल्या, काटा हलला. पुन्हा माझ्या. काटा पडून राहिला. त्यानं मीटर उलटं करून ठेवलं.

"वयानं कातडी कोरडी पडते, आजी," तो म्हणाला. "हात ओला करून ठेवत जा."

पण पोचवायला तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला, आणि तसा तो कधी यायचा नाही. परत निघाले तेव्हा मागं वळून पाहिलं, तर तो आपली बोटं फडक्याला पुसत होता.

मी हात ओला करून ठेवला. तेल लावून ठेवला. मीठ-पाण्यात बुडवून ठेवला. ठकूच्या कपाळावर आठी तशीच. तिच्याकडे मोठी बैठक आली होती, शेवटची, ती मॅडम स्वतः तपासणार होत्या. तिचे डोळे भरून आले.

"आजी, रागावू नकोस. तू जरा आत जाऊन पड ना. तू जाऊन आलीस की थांबतो तो. मी पाहिलंय."

जाऊन आलीस की. मला परत आलेली तिनं पाहिलं होतं तर.

काय करायचं होतं मी? एका बाजूला ती खुर्ची, एका बाजूला पोरीचं काम. मी उठले. गुडघे धरून, टेबलाला टेकून, हळू. पडद्याशी पोचून मागं पाहिलं नाही. पण ऐकलं. ठकूनं मोठा श्वास सोडला, ओझं उतरवलेलं माणूस सोडतं तसा, आणि कळा पळायला लागल्या.

स्टुलावर बसले आणि मला त्या दुरुस्तीवाल्याचं शास्त्र आठवलं. एकेक वस्तू काढत जायची. जे काढल्यावर आवाज थांबतो, खोट त्यात.

८

त्यानंतर मी स्वयंपाकघरातच असायची. जेवायला ठकू यायची, खाली मान घालून जेवायची, कान दुखतात म्हणायची. मी काही विचारलं तर कधी उत्तर द्यायची, कधी नुसतं कपाळ आवळायची. मला वाटायचं, दमली पोरगी. मीही दमले होते. इतकी की भीतीला बसायला अंगात जागा नव्हती.

एका दुपारी आत फोन वाजला. ठकूचं बोलणं, मग शांत, मग किंकाळीच.

"आजी! कायम! कायम झाले मी!"

"आले गं, आले!" मी उठले. इतक्या दिवसांनी गुडघे हलके वाटले. दाराशी आले आणि पडदा बाजूला केला.

ठकू भिंतीकडे तोंड करूनच बसली होती, हेडफोन गळ्यात उतरवलेले, खांदे हसण्यानं हलत होते. उंच पाठीच्या खुर्चीत काय होतं ते पाठीमुळे दिसत नव्हतं. दिसला तो हात. पेटीवरून उचलला गेला. बांगडी कोपरापर्यंत घसरली. मग तो हात ठकूच्या डोक्यावर टेकला आणि भांगापासून वेणीपर्यंत फिरला, एकदा, दोनदा, सावकाश. मी फिरवते तसा. ठकूनं डोळे मिटून मान त्या हाताकडे कलती केली.

पेटी मोकळी होती. तिच्या गळ्यातल्या हेडफोनमधून घूं सुरू झालं. पहिल्यांदाच मला ते ऐकू आलं, दारापर्यंत, आणि ऐकून वाटलं की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

"ठकू," मी म्हटलं.

तिनं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. मी उभी होते तिथंच पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. एकच, उभी, दोन भुवयांच्या मधोमध.

"आजी," ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "परत आला बघ. ठेव ना हात."

तो हात तिच्या केसांवरून उतरला आणि पेटीवर गेला. टिक.

मी पुन्हा हाक मारली. चांगली मोठ्यानं मारली.

आठी पडली नाही.